वर्षा ऋतूतील ज्वर : लंघन आणि जलपान

वर्षा ऋतूत अग्नी मंदावतो, वात प्रकुपित होतो व पित्ताचा संचय होतो. म्हणून जुने धान्य, मुगाचे कढण व उकळलेले पाणी हा सल्ला चिकित्सालयात येणाऱ्या प्रत्येकास देणे उचितच. तथापि याच काळात डेंग्यूही पसरतो. त्यामुळे ज्वररुग्णास लंघन सांगताना विशेष दक्षता हवी.

लंघन म्हणजे जलत्याग नव्हे. ज्वरातील तृष्णेसाठी चरकाचार्यांनी मुस्ता, पर्पट, उशीर, चंदन, उदीच्य व शुंठी यांचे षडंगपानीय सांगितले आहे. गुरू आहार वर्ज्य करावा. पेज, कढण व पाणी मात्र वारंवार घोट घोट द्यावे.

डेंग्यूत धोका बहुधा ज्वर उतरताना, म्हणजे आजाराच्या ३ ते ७ दिवसांदरम्यान सुरू होतो व २४ ते ४८ तास राहतो. तीव्र पोटदुखी, सततच्या उलट्या, रक्तस्राव, ग्लानी वा मूत्राल्पता दिसताच रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. औषध विक्रेत्यांनी डेंग्यूची शंका असता अ‍ॅस्पिरिन वा आयबुप्रोफेन देऊ नये. त्यांमुळे रक्तस्रावाची भीती वाढते.

ताप उतरला की रुग्ण चिकित्सालयात येणे थांबवतो. वैद्यबंधूंनी नेमक्या त्याच दिवशी त्याची आवर्जून विचारपूस करावी.