एकोणीस एकांची संख्या

कर्जत तालुक्यातील कळंब गावाहून नेरळला येऊन मुंबईची गाडी धरली, की कल्याण व ठाकुर्ली मागे पडल्यावर डोंबिवली लागते. जी. आय. पी. रेल्वेच्या काळी हे स्थानक 'डेम्लो' या नावानेही ओळखले जाई. तेथेच देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना संख्यांच्या एका कुळाची कल्पना सुचली व त्यांनी त्या कुळास 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. या वर्गसंख्या त्याच कुळातील होत. आज आपण वर्ग बाजूस ठेवून नुसत्या एकांच्या संख्या पाहू.

११ ही मूळ संख्या आहे. १ व ती स्वतः यांखेरीज तिला विभाजक नाही. मग १११? ती ३ × ३७. ११११ ला तर ११ नेच भाग जातो. एकांची संख्या संयुक्त असेल, तर ती माळ सारख्या तुकड्यांत तुटते. म्हणून ती कधीही मूळ नसते. परंतु एकांची संख्या मूळ असणे पुरेसे नाही. पाच एक म्हणजे ४१ × २७१, सात एक म्हणजे २३९ × ४६४९!

आता १११११११११११११११११११ ही एकोणीस एकांची, अकरा परार्धांहून मोठी संख्या घ्या. ती मूळ आहे हे कसे ठरवावे? तिचे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी आहे. तेथवरच्या सर्व विषम संख्यांनी, सेकंदास एक याप्रमाणे, अहोरात्र भाग देत बसल्यास सोळा वर्षांहून अधिक काळ लागेल. इतका धीर कोणास असणार?

येथे विचार श्रम वाचवितो. वरील विभाजक पुन्हा पाहा. ४१ व २७१ यांना १० ने भागले असता बाकी १ उरते. २३९ व ४६४९ यांना १४ ने भागले तरी १ च. एकांची संख्या पाच किंवा त्याहून मोठी मूळ संख्या असेल, तर तिच्या दुपटीने प्रत्येक मूळ विभाजकास भागले असता बाकी १ उरते. याची सिद्धता फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या प्रमेयावर आधारलेली असून ती तुम्ही पुढे शिकाल. तेव्हा एकोणीस एकांसाठी ३८ ने भागून १ उरणाऱ्या संख्याच तपासावयाच्या. सोळा वर्षांचे काम वर्षाच्या आत आले! संगणकास तर तेवढाही वेळ नको. एकही विभाजक सापडत नाही. ती संख्या मूळच आहे.

हजार अंकांच्या आत अशा एकांच्या मूळ संख्या चारच आहेत: २, १९, २३ व ३१७ एकांच्या. १०३१ एकांची संख्या मूळ असल्याचे १९८६ साली सिद्ध झाले. अशा संख्या अनंत आहेत काय, हे अद्याप कोणासही सिद्ध करता आलेले नाही.

तेरा एकांची संख्या मात्र मूळ नाही. तिचा सर्वांत लहान विभाजक वहीच्या अर्ध्या पानावर सापडण्याजोगा आहे. २६ चा पाढा म्हणा, प्रत्येक वेळी १ मिळवा आणि भागून पाहा.