मुंगी, टोळ आणि खडा : एका चित्रपटाचा अभ्यास

इसापनीतींतील मुंगी आणि टोळ यांची गोष्ट ज्याला ठाऊक नाहीं असा विद्यार्थी आपल्या शाळेंत क्वचितच सांपडेल. उन्हाळाभर गात बसलेला टोळ हिंवाळ्यांत उपाशी मरूं लागतो, मुंगीच्या दारीं येऊन दाणे मागतो, आणि मुंगी त्याला त्याच्या आळसाची आठवण करून देऊन परत पाठविते. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इसापाच्या नीतिकथा मराठींत आणिल्या, आणि अशा गोष्टींवर महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्या वाढल्या. ह्या गोष्टींतील टोळ गरीब व लाचार आहे. परंतु तो मागावयास न येतां दरडावून घेण्यास आला तर? मुंग्यांनीं घाम गाळून मिळविलेलें धान्य दरसाल त्याच्यापुढें ठेवावें, आणि जगाचा क्रमच असा आहे असें समजून खालीं मान घालून पुन्हां कामास लागावें, अशी स्थिति असली तर? हा प्रश्न ज्या चित्रपटानें विचारला, त्याचा थोडासा अभ्यास प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

ह्या चित्रपटाचें नांव 'अ बग्ज लाइफ', म्हणजे 'एका किड्याचें जीवन'. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया येथील पिक्सार ह्या संस्थेनें तो तयार केला व १९९८ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत डिस्ने कंपनीनें तो लोकांपुढें आणिला. जॉन लॅसेटर हे त्याचे दिग्दर्शक व अँड्र्यू स्टँटन हे सहदिग्दर्शक होते. ह्याच संस्थेनें १९९५ सालीं 'टॉय स्टोरी' हा संपूर्णपणें संगणकावर घडविलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट काढिला होता. हा तिचा दुसरा. अशा चित्रपटांत माणसांचे केवळ आवाज असतात. बाकी प्रत्येक पान, प्रत्येक दाणा, मुंगीच्या मिशीची प्रत्येक हालचाल चित्रकारांस संगणकावर घडवावी लागते. मुंगीच्या उंचीवरून जग कसें दिसत असेल हें कळावें म्हणून त्यांनीं एका काठीच्या टोंकाशीं चाकांवर चालणारा लहानसा कॅमेरा बसविला आणि तो गवतांतून फिरविला. तेव्हां त्यांस असें आढळून आलें कीं, जमिनीलगत राहून वर पाहिलें असतां पानांतून व गवताच्या पात्यांतून सूर्याचा प्रकाश झिरपतो, आणि सारें जग रंगीत कांचांच्या खिडक्या असलेल्या मंदिरासारखें उजळून निघतें. आपण रोज जें गवत पायांखालीं तुडवितों, त्यांत एवढें वैभव भरलेलें आहे हें वांकून पाहणारासच कळावयाचें.

आतां कथेकडे वळूं. एका लहानशा बेटावर मुंग्यांचें वारूळ आहे. हॉपर नांवाचा टोळांचा नायक आपल्या टोळीसह दरवर्षीं येतो, आणि मुंग्यांनीं एका दगडावर रचून ठेविलेला धान्याचा ढीग खाऊन जातो. फ्लिक नांवाची एक खटपटी मुंगी (चित्रपटांत हा मुलगा दाखविला आहे) दाणे तोडण्याचें एक यंत्र तयार करितो. हेतु चांगला, पण धांदल फार. त्याच्या यंत्राचा धक्का लागून तो सर्व ढीग पाण्यांत पडतो. टोळ येतात, त्यांस कांहींच मिळत नाहीं, आणि हॉपर आज्ञा करितो कीं, झाडाचें शेवटचें पान गळण्यापूर्वीं दुप्पट धान्य तयार ठेवा. तेव्हां फ्लिक म्हणतो, मी बाहेर जाऊन आपल्या रक्षणासाठीं मोठे योद्धे शोधून आणितों. वारुळांतील वडीलधाऱ्यांस ही कल्पना लगेच पसंत पडते, कारण हा उपद्रवी प्राणी तेवढे दिवस तरी दूर राहील! हें त्या बिचाऱ्यास कळत नाहीं. गवताच्या उडत्या बोंडाला धरून, मोठ्या उत्साहानें, तो एकटा ओढ्यापलीकडे निघतो.

ज्यांस तो योद्धे समजून घेऊन येतो ते वस्तुतः एका पिसवेच्या मालकीच्या बुडत्या सर्कशींतील खेळाडू असतात. त्यांत एक लठ्ठ सुरवंट, एक काडीकिडा, एक कोळीण, एक गेंड्यासारखा भुंगेरा, दोन्ही पाय जोडून प्रार्थनेस बसल्यासारखा दिसणारा एक किडा, आणि अंगाची गोळी करून गडगडत जाणारे दोघे भाऊ आहेत. त्यांना वाटतें कीं आपणांस खेळ करण्यास बोलाविलें. फ्लिकला वाटतें कीं आपणांस सैन्य मिळालें. विनोदाचा भाग येथें पुष्कळ आहे. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९५४ सालच्या 'सेव्हन सामुराय' ह्या चित्रपटांतही दरोडेखोरांनीं गांजलेले शेतकरी योद्धे शोधण्यास निघतात. ह्या कथेची ठेवण त्याच्याशीं मिळतीजुळती आहे, पण येथें योद्धेच खोटे आहेत.

ह्या ठिकाणीं चित्रपट केवळ करमणुकीचा राहत नाहीं. खरी गोष्ट कळल्यावर फ्लिकनें काय केलें? त्यानें ती दडविली. आरंभीं तो चुकला होता, पण खोटें बोलला नव्हता. आतां मात्र तो जाणूनबुजून गप्प बसला, कारण पहिल्यानेंच सर्वजण त्याचें कौतुक करूं लागले होते. कौतुकाची भूक ही पोटाच्या भुकेहून कमी कठीण नव्हे. त्यानें युक्ति काढिली कीं, टोळ पक्ष्याला भितात, तर आपण काटक्या व पानें यांचा एक मोठा पक्षी बांधूं. वारुळांतील मुंग्या आणि सर्कशींतील खेळाडू खांद्याला खांदा लावून पक्षी बांधतात. पण एके दिवशीं सर्कशीचा मालक आपल्या मंडळीस शोधीत येतो, सत्य बाहेर पडतें, आणि फ्लिकला वारुळांतून घालवून देण्यांत येतें. पक्ष्याची कल्पना चांगली होती, मेहनत खरी होती. तरी असत्याच्या पायावर उभारलेली इमारत एका शब्दानें ढासळली. विद्यार्थ्यांनीं हा प्रसंग नीट लक्षांत ठेवावा. परीक्षेंत कॉपी करून मिळविलेल्या गुणांचेंही असेंच होतें.

दुसरा महत्त्वाचा प्रसंग टोळांच्या अड्ड्यावरील आहे. पोट भरलेले कांहीं टोळ हॉपरला सुचवितात कीं, आपणांजवळ भरपूर खाणें आहे, मग त्या बेटावर पुन्हां जाण्याची गरज काय? हॉपर त्यांपैकीं एकाच्या अंगावर एक दाणा फेंकतो. लागला काय? नाहीं. दुसरा फेंकतो. तेंही हंसण्यावारी जातें. मग तो धान्यानें भरलेल्या बाटलीचें तोंड मोकळें करितो, आणि दाण्यांच्या लोंढ्याखालीं ते टोळ गाडले जातात. त्याच्या बोलण्याचें तात्पर्य असें कीं, एक मुंगी उठली तर कांहींच नाहीं, पण सर्व उठल्या तर आपला निभाव लागणार नाहीं. म्हणून प्रश्न धान्याचा नसून धाकाचा आहे. जुलूम करणारा पुष्कळदां बळाच्या भरवशावर नव्हे, तर दुबळ्यांच्या विस्मरणाच्या भरवशावर जगतो. जें मुंग्यांस ठाऊक नव्हतें तें त्यांच्या शत्रूस पक्कें ठाऊक होतें! वर्गांत एक दांडगा मुलगा असतो, त्याला चाळीस मुलें भितात, आणि प्रत्येकास वाटतें कीं भिणारा मी एकटाच. येथेंही हिशेब तोच आहे.

शेवटीं डॉट नांवाची चिमुकली राजकन्या फ्लिकला परत आणिते. कसें, तें सांगण्यासारखें आहे. डॉटला वाईट वाटत असे कीं आपण फार लहान, आपल्याला उडतांही येत नाहीं. तेव्हां फ्लिकनें पूर्वीं एकदां तिला एक खडा देऊन म्हटलें होतें कीं, हें बीं आहे असें समज. ह्या इवल्याशा बियांत सबंध झाड सांठविलेलें आहे, त्याला फक्त वेळ हवा. आतां फ्लिक निराश होऊन बसला असतां तीच मुलगी तोच खडा त्याच्या हातीं देते. फ्लिक परत येतो. कृत्रिम पक्षी टोळांना कांहीं वेळ पळवितो, पण घोटाळ्यानें तो जळून जातो, आणि युक्ति संपते. मग हॉपर फ्लिकला सर्वांदेखत बेदम मारवितो. ह्या वेळीं फ्लिकजवळ यंत्र नाहीं, सैन्य नाहीं, सोंगही नाहीं. जवळ उरलें तें केवळ सत्य. तो मोठ्यानें म्हणतो कीं, मुंग्या टोळांचें पोट भरण्यासाठीं जन्मल्या नाहींत. आम्हांस तुमची गरज नाहीं, तुम्हांसच आमची आहे. राजकन्या अट्टा पुढें येऊन त्याच्या बाजूस उभी राहते, आणि तिच्यामागें सारें वारूळ. लपविलेल्या सत्यानें ज्याला घराबाहेर काढिलें, उघड बोललेल्या सत्यानें त्यालाच घराचा आधार बनविलें, हें ह्या कथेचें मर्म होय.

आतां निसर्गशास्त्राच्या दृष्टीनें ही कथा तपासूं. चित्रपटांतील मुंग्यांस दोन हात व दोन पाय आहेत. खऱ्या मुंगीस सहा पाय असतात. वारुळांत राबणाऱ्या सर्व मुंग्या माद्या असतात. नरांस पंख असतात, ते थोडेच दिवस जगतात आणि कामाला हात लावीत नाहींत. म्हणून फ्लिक ही खरोखर मुलगीच असावयास हवी होती! राणी हुकूम सोडीत नाहीं; अंडीं घालणें हेंच तिचें कार्य. टोळ मुंग्यांकडून धान्य घेत नाहींत. उलट मेलेल्या नाकतोड्यास शेंकडों मुंग्या मिळून ओढून नेतात, हें आपण आपल्या अंगणांत पाहतों. परंतु कांहीं गोष्टी अगदीं बरोबर आहेत. आरंभींच रांगेंत चाललेल्या मुंगीपुढें एक पान पडतें आणि ती वाट चुकल्याची ओरड करिते. खऱ्या मुंग्या जातांना जमिनीवर एक गंधयुक्त द्रव्य ठेवीत जातात व मागल्या मुंग्या त्या वासानें चालतात. तो माग तुटला कीं त्या खरोखरीच गोंधळतात. फ्लिक गवताच्या पात्याच्या नळींत दंवाचा थेंब बसवून दुर्बीण करितो, त्यांतही शास्त्र आहे, कारण पाण्याचा गोल थेंब भिंगाचें काम करितो. राजकन्येचें अट्टा हें नांवही पानें कापणाऱ्या मुंग्यांच्या शास्त्रीय नांवावरून आलेलें आहे.

मुंगी धान्य साठविते ही गोष्ट मात्र खरी कीं कविकल्पना? बायबलांतील नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायांत आळशास मुंगीकडे जाऊन शहाणपण शिकण्यास सांगितलें आहे, आणि तिच्यावर कोणी अधिकारी नसतांही ती हंगामांत अन्न गोळा करिते असें म्हटलें आहे. युरोपांतील कित्येक विद्वानांस ही गोष्ट खरी वाटत नसे, कारण त्यांच्या थंड देशांतील मुंग्या धान्य सांठवीत नाहींत. ह्या वादांत आपल्या पुण्याचा संबंध येतो हें वाचून वाचकांस कौतुक वाटेल. मुंबई इलाख्याच्या सैन्यांतील कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनीं पुण्यास असें पाहिलें कीं, पावसानें भिजलेलें गवताचें बीं मुंग्या बिळांतून वर आणून उन्हांत वाळत घालितात. १८३५ सालीं त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि त्या मुंगीस त्यांनीं 'प्रॉव्हिडेन्स', म्हणजे पुढची तरतूद करणारी, असें नांव दिलें. गंमत अशी कीं, त्यांनीं दिलेल्या पूर्ण नांवांतील पहिला शब्दही 'अट्टा' असाच होता. पुढें १८७३ सालीं मॉग्रिज ह्या शास्त्रज्ञानें दक्षिण फ्रान्समधील निरीक्षणांवरून हीच गोष्ट सिद्ध केली. घरचें वाळवण पावसांत भिजलें तर आपली आजी जें करिते, तेंच पुण्याची मुंगी करीत होती.

असो. पालकांस एकच विनंति. मुलें असे चित्रपट पाहतात तेव्हां 'पोरखेळ' म्हणून उठून जाऊं नये. शेजारीं बसावें, आणि संपल्यावर विचारावें कीं, तूं त्या वारुळांत असतास तर कोणत्या क्षणीं पुढें आला असतास? उत्तर देतांना मूल थोडें अडखळेल. आपणही अडखळूं. तेंच अडखळणें शिक्षणाचा आरंभ होय. आणि घरांतील जें मूल सर्वांत धांदरट, ज्याच्या हातून ढीग पाण्यांत पडतात, त्याला दूर पाठविण्यापूर्वीं त्याच्या हातावर एक खडा ठेवून, हें बीं आहे, असें सांगून पाहावें.

अभ्यासार्थ प्रश्न

१. इसापाच्या गोष्टींतील टोळ आणि हॉपर यांच्या स्वभावांत कोणता भेद आहे?
२. फ्लिकची चूक आणि फ्लिकचा अपराध हे दोन वेगळे आहेत. प्रत्येक कोठें घडला तें सांगा.
३. दाण्यांच्या बाटलीच्या प्रसंगाचें तात्पर्य पांच ओळींत लिहा.
४. मुंग्यांच्या रांगेवर हळूच एक पान ठेवा, कोणासही इजा न करितां दहा मिनिटें पाहा, आणि काय दिसलें तें वहींत टिपून ठेवा.