नोकरी लागली, टिकणार कशी?



लागण केली म्हणजे ऊस हाती आला, असे आपण कधी समजत नाही. उगवण बघतो, नांग्या भरतो, बाळबांधणी करतो, मग मोठी बांधणी. माणूस कामाला लावण्याचेही तसेच आहे. कामावर घेणे ही झाली लागण. पुढची निगा कोणी करायची? या बाबतीत अमेरिकेत काय घडले, ते समजून घेण्यासारखे आहे.

तिकडे गरीब कुटुंबांना, विशेषतः एकटीने मुले वाढवणाऱ्या बायांना, सरकार रोख मदत देत असे. 22 ऑगस्ट 1996 रोजी नवा कायदा झाला. मदतीला कामाची अट लागली आणि केंद्राच्या पैशातून मदत उभ्या आयुष्यात 5 वर्षेच, अशी मर्यादा आली. आता एवढ्या लोकांना काम देणार कोण? म्हणून 1997 साली 5 मोठ्या कंपन्यांनी पुढाकार घेऊन मालकवर्गाची संस्था काढली. यूपीएस ही सामान पोहोचवणारी कंपनी त्यात होती.

अनुभवातून तीन गोष्टी दिसल्या.

1) जाणे-येणे : कॅमडेन गावात काम नव्हते आणि नदीपलीकडे फिलाडेल्फिया विमानतळावर यूपीएसला माणसे मिळत नव्हती. अडचण होती ती गाडीची. कंपनीने बससेवेशी बोलून सोय केली, तेव्हा माणसे वेळेवर येऊ लागली.

2) शिक्षण आणि लेकरे : विचिटा शहरात सेसना या विमान कारखान्याने गरीब वस्तीतच शिक्षणकेंद्र काढले. पत्राकाम शिकताना पगार, मुलांसाठी पाळणाघर आणि शिक्षण पुरे करणाऱ्याला नोकरीची हमी.

3) टिकण्याला मोल : असा कामगार घेणाऱ्या मालकाला करसवलत होती, पण 1997 पासूनच्या नियमाप्रमाणे त्याने 120 तास तरी काम केले पाहिजे. 400 तास भरले की सवलतीचा दर वाढे.

2001 पर्यंत मदत घेणारी कुटुंबे निम्म्यावर आली. त्याला त्या वर्षांतली तेजीही कारण होती, हे विसरू नये. शिवाय अनेकांचा पगार इतका कमी, की नोकरी लागूनही गरिबी हटली नाही.

आता आपल्याकडे पाहा. ऊसतोडणी यंत्रावर पोरगा ठेवला, दोन महिन्यांत गेला, अशी तक्रार बांधावर नेहमी ऐकू येते. "हल्लीची पोरं टिकत नाहीत" म्हणून आपण मोकळे होतो. पण तो रात्री घरी कसा जातो, काम त्याला नीट कोणी शिकवले का, पगार ठरल्या तारखेला मिळतो का, हे विचारले का? तोडकरी बाईचे लेकरू फडात उन्हात असेल, तर तिचे लक्ष कोयत्यावर कसे राहील?

तरी यंदा माणूस कामावर ठेवताना पहिले तीन महिने त्याची उगवण समजा. नांगी पडल्यावर भरण्यापेक्षा ती पडू न देणे स्वस्त पडते.

— ऊस विकास अधिकारी