बोलण्यातून माणसाची प्रेरणा कळते का?

प्रश्न : समाजकार्याच्या अभ्यासक्रमासाठी मी व्यसनमुक्ती केंद्रात मुलाखती घेते. जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, "मुलांसाठी सोडायचीय." काही जण सोडतात, काहींना जमत नाही. मग त्यांच्या भाषेवरून खरी प्रेरणा ओळखता येते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बऱ्याच अंशी येते, पण सांगितलेल्या कारणावर थांबू नका. मानसभाषातज्ज्ञ पॉल अ‍ॅम्राइन यांनी विल्यम मिलर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमली पदार्थांचं व्यसन असलेल्या ८४ जणांच्या समुपदेशनाच्या चित्रफिती त्यांनी बारकाईने तपासल्या. बदलाविषयीच्या विधानांची इच्छा, क्षमता, कारण, गरज आणि निर्धार अशी वर्गवारी केली. शिवाय विधान किती जोरकस आहे, हेही मोजलं. पुढे व्यसनापासून दूर राहण्याशी थेट संबंध दिसला तो निर्धाराच्या भाषेचा. बाकीची विधानं त्या निर्धाराला बळ देत होती. बोलणं पुढे सरकताना निर्धार चढत गेला की शेवटी ढेपाळला, यावर बरंच काही अवलंबून होतं.

तुमच्या मुलाखतींत हे असं दिसेल : "सुटली तर बरं" ही इच्छा. "मनात आणलं तर सोडेन" ही क्षमता. "सोडायलाच हवी" ही गरज. "उद्यापासून गुत्त्याच्या रस्त्याने जाणार नाही" हा निर्धार. म्हणून ध्वनिमुद्रण उतरवून काढताना "बघू", "जमलं तर" असे शब्द गाळू नका, वाक्यं सुधारू नका.

स्वतःचे प्रश्नही शब्दशः लिहून ठेवा. सी. राइट मिल्स या समाजशास्त्रज्ञाने १९४० सालीच दाखवून दिलं होतं की माणूस आपला हेतू त्या त्या प्रसंगी मान्य होईल अशा शब्दांत सांगतो. केंद्रात, वही घेऊन बसलेल्या विद्यार्थिनीला "मुलांसाठी" हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी "मागच्या वेळी तलफ आली तेव्हा काय केलंत?" असं विचारा. घडलेलं सांगताना माणूस तयार उत्तरांपासून दूर जातो. वर्गवारी मात्र एकटीने करू नका. दुसऱ्या कुणाकडून स्वतंत्रपणे करून घ्या आणि ताडून पाहा.

आणि निर्धार ढेपाळला तिथे "खोटं बोलतो" असा शेरा मारू नका. त्याला नेमकं कुठे अवघड जातंय, हे तिथेच कळतं. पुढचा प्रश्न तिथूनच विचारा.