अर्धशिशीवरची सुई: कोणती, कुणासाठी, कधी?

तायांनो, हल्ली बैठकीत हप्ते भरून झाले की कुणी ना कुणी हळूच विचारतं, "ताई, अर्धशिशीवर सुई निघालीये म्हणतात, खरं का?" खरं आहे. पण 'सुई' या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी येतात, आणि गावात सगळ्यात सहज मिळणारी सुई अर्धशिशी आटोक्यात आणणारी नाही. म्हणून या महिन्याचा पाठ यावर.

आधी दुखणं ओळखू. बहुतेक वेळा डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, काम केलं की वाढतं. औषध घेतलं नाही तर हे ४ तासांपासून ३ दिवसांपर्यंत चालतं. पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास साधारण तिप्पट होतो. घरचे म्हणतात सोंग करते. सोंग नाही, मेंदू आणि नसांचा आजार आहे. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतंय, त्यातले निदान ८ दिवस अर्धशिशीसारखे आहेत आणि असं ३ महिन्यांहून जास्त चाललंय, तर डॉक्टर त्याला जुनाट अर्धशिशी म्हणतात.

आता गावातली सुई. कमरेत मारतात ती बहुधा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक असते. त्या दिवसापुरतं बरं वाटतं, नाकारत नाही. पण ती पुढचा झटका थांबवत नाही, आणि वारंवार घेतली तर पोट आणि किडनीला त्रास होतो. त्याहून वाईट म्हणजे साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० दिवस, असं महिनोन्‌महिने चाललं की औषधामुळेच डोकं दुखायला लागतं. मग पुन्हा गोळी, पुन्हा दुखणं. आमच्या भागातल्या एका ताईंचा हिशोब आम्ही दोघींनी बसून मांडला. गटात महिन्याला बचत २०० रुपये, आणि सुया-गोळ्यांवर ८००. हे चक्र तोडायला वेदनाशामक बंद करावी लागते. सुरुवातीचे काही दिवस दुखणं उलट वाढतं, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.

बाकी तीन प्रकार तज्ज्ञांकडचे. एक, झटका आल्यावर कातडीखाली घ्यायची सुमाट्रिप्टानची सुई. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला बीपी असेल तर ती चालत नाही. दोन, मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या नसेजवळ दिलेलं बधिर करणारं औषध. याने काहींना काही दिवस, काहींना काही आठवडे आराम पडतो. आणि तिसरा प्रकार झटके कमी करणाऱ्या सुयांचा. ज्याची चर्चा आहे ते बोटॉक्स यातलंच.

हो, सिनेमातले लोक सुरकुत्यांसाठी घेतात तेच. १९९० च्या दशकात अमेरिकेत सुरकुत्यांसाठी ते घेणाऱ्या काहींनी सांगितलं की आमची डोकेदुखीही कमी झाली. पुढे अभ्यास झाले आणि २०१० मध्ये तिथे जुनाट अर्धशिशीसाठी त्याला मंजुरी मिळाली. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांद्यांत मिळून ३१ ठिकाणी बारीक सुया देतात, आणि दर १२ आठवड्यांनी पुन्हा. महिन्यात १५ पेक्षा कमी दिवस दुखतं त्यांच्यासाठी हा उपाय नाही. मान दुखणं, पापणी काही दिवस खाली उतरणं असे त्रास होऊ शकतात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत आधी तीन प्रकारची प्रतिबंधक औषधं घेऊन पाहावी लागतात. दोन फेऱ्यांनंतर दुखण्याचे दिवस निदान ३० टक्के कमी झाले नाहीत, तर बोटॉक्स बंद करतात. मला ही अट फार शहाणी वाटते. २०१८ पासून परदेशात महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदा घ्यायच्या नव्या सुयाही आल्या. या आणि बोटॉक्स, दोन्ही महागच. एका वेळचा खर्च हजारोंत जातो.

म्हणून कर्जाचा अर्ज भरण्याआधी गोळ्यांची पायरी चढलोय का ते बघा. प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलीन ही झटके कमी करणारी औषधं जुनी आणि स्वस्त आहेत. ती रोज घ्यायची, दुखत नसतानाही. "दुखत नाही तर कशाला" म्हणून आठ दिवसांत सोडली तर गुण कळणारच नाही; दोन महिने तरी द्या. दमा असेल, दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

आणखी एक, जे कुणी आपल्याला विचारत नाही. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसत असतील, तर माला-एन, माला-डीसारख्या गोळ्या तुमच्यासाठी नाहीत. त्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. आशाताईंशी बोलून दुसरं साधन निवडा.

डॉक्टरांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखलेल्या दिवसाला गोल आणि गोळी किंवा सुई घेतली तर फुली करा. पाळी, उपवास, जागरण, उन्हातली खुरपणी हेही बाजूला लिहा. तीन महिन्यांची ही पानं म्हणजे तुमच्या डोक्याचं पासबुकच. आरोग्य उपकेंद्रातून ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरांशी बोलता येतं, त्याचे पैसे पडत नाहीत. तिथे ही पानं दाखवा.

गटाच्या अध्यक्ष-सचिव तायांना एक विनंती. कुणी 'सुई'साठी कर्ज मागितलं तर नाही म्हणू नका, पण डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून आणायला सांगा: औषधाचं नाव, किती वेळा घ्यायचं, आणि गुण आला नाही तर कधी थांबवायचं. दर १२ आठवड्यांनी येणारा खर्च एका कर्जात बसत नाही, तो वर्षाचा धरूनच हप्ता ठरवा.

मात्र एकदम, आयुष्यात कधी नव्हतं इतकं डोकं दुखलं, तापासोबत मान आखडली, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर बैठक, अर्ज, कॅलेंडर सगळं बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. गरोदर किंवा नुकती बाळंत झालेली बाई जोराच्या डोकेदुखीची तक्रार करत असेल तर त्याच दिवशी बीपी तपासून घ्या.