लेखनिक नाही, वाचक व्हा

प्रश्न : मी सोलापुरात बी.कॉम.ला आहे. दहावीच्या अंध मुलांची लेखनिक व्हायचंय. जमेल का?

उत्तर : दहावीला नाही जमणार. बोर्डाला लेखनिक खालच्या वर्गातला लागतो. पण परीक्षेआधी वाचून दाखवणारं माणूस तुम्ही नक्की होऊ शकता, आणि खरी टंचाई तिथेच असते. शिक्षकांना विचारून धडे मोबाइलवर रेकॉर्ड करून द्या. तक्ता आला की गाळू नका. ‘डाव्या रकान्यात वर्ष, उजव्यात उत्पादन’ असं सांगत वाचा. पेपरला तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात, त्या हिशेबाने सराव घ्या. चालताना मुलाला ओढू नका, आपलं कोपर पुढे करा. मुलांच्या शाळेत केक कापून फोटो काढणारे पुष्कळ येतात, तुम्ही ठरलेल्या वारी या. मुलांना सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला न्यायचं असेल, तर पालकांची आणि शाळेची परवानगी आधी, लेखी.