एवढे नायक, पण चित्रपट तेवढा मोठा आहे का?

प्रश्न : ‘सिंघम अगेन’ची खूप हवा झाली होती. तो आता घरच्यांसोबत पाहावा का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : वेळ घालवायला जरूर पाहावा, पण हवेइतका तो दमदार नाही.

रोहित शेट्टी यांचा हा चित्रपट १ नोव्हेंबर २०२४ रोजी, ऐन दिवाळीत झळकला. अजय देवगण, अक्षय कुमार, रणवीर सिंग, टायगर श्रॉफ, दीपिका पदुकोण आणि करीना कपूर असा ताफा एकाच पडद्यावर आल्याने उत्सुकता शिगेला पोहोचणे साहजिकच होते.

अडचण पटकथेत आहे. नायक बाजीराव सिंघमची (देवगण) पत्नी अवनी (करीना) हिच्या अपहरणाला रामायणाची जोड देण्याची कल्पना ठसठशीत असली, तरी दर थोड्या वेळाने एका नायकाचे आगमन, शिट्ट्या, हाणामारी, आणि गोष्ट तिथेच थांबते. टायगर आणि दीपिका यांची पात्रे शेट्टी यांच्या पोलीसपटांच्या मालिकेत नवी. ती रुजायला वेळच मिळत नाही.

असेच अनेक नायक एकत्र आणणारा ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ (२०१९) इथे सरस ठरतो. २००८च्या ‘आयर्न मॅन’पासून सुरू झालेल्या मार्व्हल मालिकेतला तो २२वा चित्रपट. टोनी स्टार्कचा, म्हणजेच आयर्न मॅनचा, शेवट प्रेक्षकांना रडवतो, कारण अकरा वर्षांची ओळख त्यामागे असते.

२०११चा ‘सिंघम’ आठवावा. गोव्याच्या सीमेवरच्या शिवगडचा बाजीराव, समोर प्रकाश राज यांचा जयकांत शिक्रे, सोबतीला अशोक सराफ यांचा हवालदार. माणसे मोजकी, संघर्ष थेट.

घरच्यांसोबत एकच निवडायचा असेल, तर पहिला ‘सिंघम’च लावावा.